निशाणी सतरा आणि मूठभर कापूस

मी वकील झाले तेव्हा आमच्या घरी कोणाला नवल वाटलं नाही. आजोबा कोर्टात नाझर, वडील रेकॉर्ड कीपर. यवतमाळात आमचं घर कोर्टापासून पायी दहा मिनिटांवर, ते काही योगायोगानं नाही. वडील रिटायर झाले तरी मन रेकॉर्ड रूममध्येच राहिलेलं. संध्याकाळी मी चपला काढायच्या आत विचारत, "आज काय निशाणी झालं?" निशाणी म्हणजे कोर्टानं नंबर देऊन फाइलला लावलेला पुरावा. दुसऱ्यांचे वडील मुलीला जेवलीस का विचारतात.

माझा स्वभाव तिखट. हे मीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कोणाला सांगायचे कष्ट नकोत.

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडलेला, बोंडात अळी, आणि खरेदी केंद्रावर बंड्यांच्या, म्हणजे बैलगाड्यांच्या, रांगा लागून त्यात बैलही कंटाळलेले. त्या दिवसांत पांढरकवड्याकडच्या एका तांड्यावरची एक मुलगी माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहिली. असेल चोवीस-पंचवीसची. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद, आणि कागदांवर जपून ठेवलेला पितळी बिल्ला.

"बाई, मले कंडक्टर व्हायचं हाय," ती म्हणाली.

"मग मी काय तिकीट काढू?" सकाळपासून माझ्या तीन पेश्या पुढे ढकलल्या गेल्या होत्या, डोकं फिरलेलं होतं.

ती हसली नाही, रागावलीही नाही. तिनं कागद एकेक करून मांडले. लायसन आणि बिल्ला तिनं आधीच काढला होता, आणि एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर म्हणून तिची निवड झाली होती. त्यांच्या तांड्यावरून सरकारी नोकरीत जाणारी ती पहिली बाई. पण तालुक्याच्या कोर्टानं तिला सरकारी कामात अडथळा आणल्याबद्दल तीन महिन्यांची शिक्षा दिली होती. शिक्षेला स्थगिती होती, अपील यवतमाळला पडलं होतं, आणि डेपोतल्या साहेबानं सांगितलं होतं, होळीपर्यंत निर्दोष असल्याचा कागद आण, नाहीतर यादीतली पुढची मुलगी घेतो. होळीला चार महिने होते.

"केलं काय होतंस?"

"ग्रेडरले कापूस चावाले लावला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. चुकीचं नव्हतं. ग्रेडर म्हणजे खरेदी केंद्रावर बसून हा कापूस घ्या, तो परत न्या, असं ठरवणारा माणूस. त्याच्याजवळ ओलावा मोजायचं मशीन होतं, पण त्यातले सेल संपले होते, म्हणून तो बंडीत नुसता हात घालायचा आणि म्हणायचा, ओला आहे, परत. हिच्या घरची बंडी तिसऱ्या दिवशी नंबरात आली आणि परत झाली. आता आमच्याकडे कापूस वाळला की नाही हे कळायला मशीन लागत नाही. सरकी, म्हणजे कापसातली बी, दाताखाली धरायची. कडकन वाजली तर वाळला, नुसती चेपली तर ओला. लहान पोरालाही येतं. हिनं बंडीतून मूठभर कापूस घेतला आणि टेबलाजवळ जाऊन म्हणाली, "साहेब, चावून पाहा." साहेबानं तोंड फिरवलं. तिनं मूठ फिरवलेल्या तोंडापुढे नेली. साहेबानं डोळे मिटले, मागे सरकला, आणि खुर्चीसकट पडला. मागे माणसं ओरडायला लागली, आणि पोलिसांनी लिहिलं, बाईनं मारलं.

"मारलंस का?"

"नाही मारलं, बाई. आईची शप्पत."

आरोपीची शपथ वकिलाच्या काही कामाची नसते. मी निकालपत्र उघडलं. त्यात लिहिलं होतं की निशाणी सतरा, म्हणजे घटनेची सीडी, पाहिली असता आरोपीने फिर्यादीस तीन वेळा, संथपणे आणि पूर्ण जाणीवपूर्वक मारल्याचे दिसते. संथपणे मारलं? झापड काय कोणी संथपणे मारतं? मी तेव्हाच सीडीची नक्कल मागवली.

नक्कल आली तशी घरच्या कॉम्प्युटरवर लावली. मी, वडील आणि ती. आधी पडद्यावर गणपती आला. मग सनई. मग 'शुभमंगल' ही अक्षरं गरगर फिरत आली आणि गुलाबाच्या पाकळ्यांचा पडदा दोन्हीकडे सरकला. पडद्यामागे खरेदी केंद्र. मागे कोणत्या तरी लग्नाचं गाणं, आणि त्यात आमची ही मूठ वर करते आहे, इतकी हळू की मधल्या वेळात चहा झाला असता. मूठ साहेबाच्या गालाजवळ गेली, वरून पाकळ्या पडल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून मूठ वर. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी पडद्याच्या चार चौकटी झाल्या आणि चारही चौकटींत मूठ वर गेली. शेवटी दोघांचे चेहरे बदामाच्या चौकटीत येऊन थांबले, साहेबाचे डोळे मिटलेले.

"जोडा बरा दिसतो," वडील म्हणाले.

"बाबा!"

"नाही, पण तीन वेळा मारलं की गं हिनं."

"काका, एकदाबी नाही," ती म्हणाली. "हे मिक्सिंग होय."

झालं होतं असं, की त्या दिवशी केंद्रावर भावासाठी आंदोलन होतं, आणि त्याच्या पुढाऱ्यानं आपलं भाषण टिपायला लग्नाचा शूटिंगवाला भाड्यानं आणला होता. पोलिसांकडे कॅमेरा नव्हता, म्हणून त्यांनी शूटिंगवाल्याकडूनच सीडी मागितली. आता लग्नाचा शूटिंगवाला आपल्या हातून कच्चा माल बाहेर जाऊ देईल? सवयीनं त्यानं मिक्सिंग करून दिलं. पोलिसांनी तसंच घेतलं, कोर्टानं तसंच पाहिलं, आणि हिचे तालुक्याचे वकील त्या दिवशी दुसऱ्या कोर्टात होते, म्हणून हरकत घ्यायला कोणी नव्हतं. पोलिसांनी तर अज्ञात साथीदारांनी फुले उधळली असंही दोषारोपात लिहिलं होतं. तपासासाठी एका हारवाल्याचा जबाब होता की त्या दिवशी माझ्याकडून कोणी गुलाब नेले नाहीत. मी तो जबाब वाचून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि मग इतकी चिडले की फाइल आपटली.

"मूळ कॅसेट पाहिजे," मी म्हटलं. "तिच्यात तुझा आवाज असेल. चावून पाहा म्हणालीस ते ऐकू येईल."

दुसऱ्याच दिवशी आम्ही शूटिंगवाल्याच्या दुकानात. बस स्टँडसमोर, बाहेर नवरा-नवरीचे फोटो. माणूस गोड होता, चहा मागवला.

"थे कॅसेट? तिच्यावर दारव्ह्याचं लग्न घेतलं ना, बाई," तो म्हणाला. "कॅसेट काय रोज रोज नवी आनते काय कोनी?"

मी त्याला तिथंच चार शब्द सुनावले, म्हणजे चाळीस असतील. तो मान हलवत ऐकत राहिला. ती मात्र फळीवरच्या कॅसेटी न्याहाळत होती. मग म्हणाली, "दादा, लग्न कॅसेटीपेक्षा छोटं असन तं मागं थोडं जुनं राह्यलं असन ना?"

म्हणून आम्ही तिघं त्या दुकानात दारव्ह्याचं लग्न पाहत बसलो. तेही एकदा नाही. तिला वाटलं मधे कुठं कॅमेरा बंद-चालू झाला असेल तर तिथं एखादा तुकडा राहिला असेल, म्हणून हळद, वरात, मंगलाष्टकं, जेवणावळ, सगळं पुन्हा. कोणाचं लग्न, आम्हाला ना नवरा ठाऊक ना नवरी. नवरदेवाच्या मामानं तीन ठिकाणी भांडण केलं होतं, ते आम्हाला पाठ झालं. ती पडद्याला नाक लावून बसली होती, पापणी लववत नव्हती. बिदाई झाली, नवरी रडली, पडदा निळा झाला, आणि एकदम वीसेक सेकंद खरेदी केंद्र आलं. ती उभीच राहिली. पडद्यावर एक बैल होता. तो बंडीतला कापूस खात होता. मग निळं.

"बैलाले समजलं वाळला हाय म्हनून," शूटिंगवाला म्हणाला. ती निळ्या पडद्याकडे पाहत पुन्हा खाली बसली. मला त्या वेळी तिची फार कीव आली, आणि कीव आली की मी रागावते, तशी त्याच्यावर पुन्हा रागावले.

घरी परत आले तर वडील पेपर घेऊन दारात. दिल्लीच्या सगळ्यांत वरच्या कोर्टाचा निकाल आला होता. मशीनमधून निघालेला पुरावा, सीडी असो की काही, ते मशीन ज्याच्या ताब्यात त्याचा लेखी दाखला जोडल्याशिवाय वाचायचाच नाही. मशीन नीट चालत होतं, त्यात भरलं तेच बाहेर आलं, असा दाखला. आमच्या निशाणी सतराला कसला दाखला? पोलिसांनी बिल तरी घेतलं होतं का कोणास ठाऊक.

मी अंगणातच टाळी वाजवली. सीडी गेली की काय उरतं? ग्रेडरनं साक्षीत सांगितलं होतं की मी डोळे मिटले होते, गालाला काहीतरी लागलं, कोणी मारलं ते सीडी पाहिल्यावर समजलं. म्हणजे सीडी गेली की खटला गेला.

"म्हणजे तिनं मारलं की नाही ते कोणी पाहणारच नाही?" वडिलांनी विचारलं.

"नाही. आधी दाखला, मग खरंखोटं. दाखला नाही तर खरंखोटं नाही."

"सुंठेवाचून खोकला गेला," वडील म्हणाले, पण त्यांचा आवाज काही खुश नव्हता. पस्तीस वर्षं कागद सांभाळलेला माणूस, त्याला न वाचता फेकलेला कागद सहन होत नाही.

तिला सांगितलं तर ती म्हणाली, "पन बाई, जजसाहेबाले दिसलं पायजे ना, म्या मारलं नाही म्हनून. मिक्सिंग काढून पाह्यलं तं दिसन."

"मिक्सिंग काढता येत नाही. भाजीतून मीठ काढता येतं का?"

"मंग साहेबाले समजावून सांगू."

"ऐक," मी म्हटलं, आणि माझा आवाज चढला, "तुला नोकरी पाहिजे की खरं पाहिजे?"

"दोनी पायजे."

"दोन्ही एका अपिलात मिळत नाहीत!" मी ओरडले. शेजारच्या टेबलावरच्या वकिलांनी माना वर केल्या. ती पिशवीतला बिल्ला चाचपत बसली. बोलून झाल्यावर मला माझीच लाज वाटली, पण वकिलाला लाज वाटून चालत नाही, पेशी आली की उभं राहावं लागतं.

पेशीला सरकारी वकिलांनी अर्ज दिला की दाखला राहून गेला, आता घेऊ द्या. वरातीमागून घोडं, मी म्हटलं. पण जजसाहेब शांत माणूस, म्हणाले, आणा त्याला, बघू. मग शूटिंगवाला आला. सफारी घालून, केसांना तेल लावून, हातात लॅमिनेशन केलेला दाखला. वर गणपती, खाली 'साक्षगंध, लग्न, डोहाळजेवण, वास्तू यांचे शूटिंग व मिक्सिंग करून मिळेल', आणि त्याखाली मजकूर. जजसाहेबांनी आधी मनात वाचला, मग चष्मा पुसला, मग मोठ्यानं वाचला. सदर सीडीचे मिक्सिंग मी स्वतः जीव ओतून केले आहे, असा हा दाखला लिहून देतो.

"जीव ओतून म्हणजे काय केलं?" जजसाहेबांनी विचारलं.

"तीन दिवस बसलो, सायेब. गुलाब टाकले. सनई टाकली. स्लो मोशन टाकलं, चार चौकटी टाकल्या. पोलिसाइचं काम म्हनून बदाम फुकट टाकला."

"आणि मूळ चित्रीकरणात काय होतं?"

"मूळ लय साधं होतं, सायेब. पाहवत नव्हतं."

"कॉम्प्युटर त्या काळात व्यवस्थित चालत होता?"

"लाइन गेली का बंद पडे. बाकी दसऱ्याले पूजा केलेली मशीन हाय."

सरकारी वकिलांनी खाली मान घालून फाइलमध्ये काहीतरी शोधायला सुरुवात केली. जजसाहेबांपुढे बसणाऱ्या रीडर कारकुनानं तोंडावर रुमाल धरला. माझं काम त्या माणसानंच करून दिलं होतं, मला तोंड उघडायचीही गरज नव्हती. आणि तेवढ्यात मागच्या बाकावरून ही उभी राहिली.

"साहेब, एकदा लावून पाहा ना. म्या मारलं नाही. एकदा लावा."

"तुमच्या वकीलबाई तर लावू नका म्हणून भांडताहेत," जजसाहेब म्हणाले. "आता मी कोणाचं ऐकू?"

सगळं कोर्ट हसलं. मी मागे जाऊन तिचं मनगट धरलं आणि तिला खाली बसवलं. मीही हसत होते, हे सांगायला नको होतं, पण हसत होते.

बाहेर व्हरांड्यात तिनं शूटिंगवाल्याला गाठलं. "दादा, तू तं तेथं होता. खरं सांग, म्या मारलं होतं काय?"

त्यानं बराच विचार केला. "बाई, त्या वक्ती कॅमेरा स्टँडवर लावून मी चहा घ्याले गेल्तो. पन मिक्सिंग करता करता मलेच वाटाले लागलं, मारलंच असन."

होळीच्या आठ दिवस आधी निकाल लागला. निर्दोष मुक्तता. आठ पानांचा इंग्रजी निकाल, त्यातली पाच पानं दाखल्यावर. मी पेढे मागवले. ती म्हणाली, आधी वाचून दाखवा. मी तिला मराठी करून सगळं सांगितलं. निशाणी सतरा वाचता येत नाही, फिर्यादीचे डोळे मिटलेले होते, म्हणून गुन्हा शाबीत होत नाही.

"म्या मारलं नाही, हे कोन्त्या पानावर हाय?"

"ते नाही लिहिलेलं."

"मंग?"

"सुटलीस ना? नोकरी मिळाली ना?"

"मिळाली," ती म्हणाली, आणि पेढा खाल्ला.

निकालाच्या शेवटी मुद्देमालाची व्यवस्था असते. सीडी मुदतीनंतर नष्ट करावी. आणि दुसरी वस्तू, कापूस अंदाजे एक मूठ, पाकिटात सीलबंद, कोणी मागितल्यास परत द्यावा. पोलिसांनी हल्ल्याचं साधन म्हणून तो जप्त केला होता, हे मी विसरूनच गेले होते.

"थो कापूस माह्या हाय," ती म्हणाली. "मले पायजे."

"कायले?" माझ्याही तोंडून वऱ्हाडीच निघालं.

"पायजे."

मी आयुष्यात हजारो अर्ज टाइप केले असतील, पण 'मूठभर कापूस परत मिळणेबाबत' असा एकच. वडिलांनी त्याची एक प्रत मागून घेतली. इतका स्वच्छ अर्ज मी पाहिला नाही, म्हणाले.

पुढे पावसाळा सरता सरता मला पांढरकवड्याला पेशी होती. स्टँडवरून गाडीत चढले तर कंडक्टर ही. खाकी साडी, छातीवर तोच बिल्ला. मला पाहून हसली आणि पुढची जागा दिली. गाडी खच्चून भरलेली, पण अशी शिस्त मी लाल गाडीत कधी पाहिली नाही. सगळ्यांच्या हातात मोजके सुटे पैसे. बिडी नाही, भांडण नाही. दारू प्यालेला एक जण तर तिला पाहून उभा राहिला आणि म्हाताऱ्या बाईला जागा दिली.

माझ्या शेजारचा फेटेवाला माझ्या कानाला लागला. "हेच थे. ग्रेडरले तीन झापडा हाणल्या हिनं. लोकाइनं फुलं उधळली. शूटिंगवाला दुकानात नमुना म्हनून तोच सिनेमा लावते, आम्ही सबन गाव जाऊन पाह्यला."

माझं डोकं सणकलं. "एकही मारली नाही! मी तिची वकील आहे. कोर्टानं सोडलं तिला."

"मारून सुटली?" त्यानं कपाळाला हात लावला. "बाप्पा बाप्पा! भल्ली हुशार हाय पोरगी." आणि त्यानं ती बातमी मागच्या सीटला दिली.

घाट उतरल्यावर एका फाट्यावर गाडी थांबली. ड्रायव्हर पाणी प्यायला उतरला. ती माझ्या शेजारी टेकली आणि झोळीतून एक पाकीट काढलं. लाखेचं सील, वर खटल्याचा नंबर.

"फोडलं नाही अजून," ती म्हणाली. "तुमच्यासमोर फोडीन म्हनलं. एक तुम्ही चावजा, एक मी चावतो. वाजली तं वाजली."

मी तिला सांगणार होते की आता वाजली तरी त्यानं काही सिद्ध होत नाही, इतके दिवस मालखान्यात पडलेला कापूस वाळणारच. पण सरकीसाठी हात पुढे केला. तिनं सील तोडलं. पाकिटाच्या एका कोपऱ्याला भोक होतं. आत मळकट कापूस, थोड्या काळ्या लेंड्या, आणि सरकीची नुसती टरफलं. तिनं एकेक बोटानं उलटून पाहिलं. मीही पाहिलं. एकही सरकी सापडली नाही.

तिनं तो पोकळ कापूस तळहातावर घेऊन अंगठ्यानं दाबून पाहिला. मग हसली.

"जाऊ द्या, बाई. उंदराइनं तरी चावून पाह्यलं."

मलाही हसू आलं, आणि मग एकदम रडू यायला लागलं, म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं. तिनं कापूस पाकिटात भरला, पाकीट झोळीत टाकलं, आणि ड्रायव्हर चढल्यावर घंटीची दोरी दोनदा ओढली.